कालच्या पावसाची दरड

वैभववाडीच्या बाजारपेठेतून पूर्वेकडे दृष्टी टाकली असता सह्याद्रीचा जो कडा क्षितिजावर आडवा पसरलेला दिसतो, तो कितीही निश्चल आणि सनातन वाटत असला, तरी भूगर्भशास्त्राच्या हिशेबी तो लाखो वर्षे सारखा पूर्वेकडे मागे हटत आलेला आहे. आणि हे हटणे ज्या लहानमोठ्या तुकड्यांनी घडत आले, त्यांनाच आपण व्यवहारात दरडी म्हणतो. डोंगराच्या आयुष्यात दरड कोसळणे ही नित्याची घडामोड; तिला अपघाताचे स्वरूप येते ते तिच्या वाटेत माणूस, मोटार, रूळ किंवा एखादी वाडी सापडते म्हणून.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील या तालुक्याचे तर सारे दळणवळणच या कड्याच्या मर्जीवर चालते. तळेऱ्याहून निघून वैभववाडीवरून करूळ घाटाने गगनबावड्यास चढणारा आणि पुढे कोल्हापुरास जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्गांत गणला जातो. खारेपाटणच्या अंगाने येणारा भुईबावडा घाटही वर गगनबावड्यालाच मिळतो. आणि दक्षिणेस, कणकवली तालुक्यातून, फोंडा घाट दाजीपूर-राधानगरीकडे चढतो. आंबा, काजू आणि मासळी या वाटांनी वर जाते, घाटावरचा गूळ, भाजीपाला आणि दूध खाली उतरते, आणि दुखणे हाताबाहेर गेले म्हणजे रोग्यालाही याच वाटेने कोल्हापूरच्या इस्पितळात हलवावे लागते. त्यामुळे आषाढातल्या एखाद्या सकाळी एस. टी.च्या थांब्यावर ‘दरड इली’ हे दोन शब्द उच्चारले गेले, की ज्याला त्या दिवशी कोठेही जावयाचे नाही असा मनुष्यसुद्धा क्षणभर थबकतो.

जगात ज्या मुलखांत डोंगरावर माती-दगडांऐवजी बर्फ साचते, तेथील लोकांनी या कोसळण्याचे एक शास्त्र आणि त्याहूनही मोलाची अशी एक प्रवासरीत सिद्ध केलेली आहे. हिवाळाभर पडलेल्या हिमाचे थर एकावर एक बसत जातात. त्यांतला एखादा थर भुसभुशीत, दुर्बल राहतो. आणि वसंतात ऊन तापू लागले म्हणजे वितळलेले पाणी वरून झिरपत त्या दुर्बल थरापर्यंत पोहोचते आणि वरचा सगळा थर आपल्या बैठकीवरून सुटतो. मोठी हिमस्खलने बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात, कारण त्याहून सौम्य उतारावर बर्फ तग धरते आणि त्याहून उभ्या उतारावर ते मुळात साचतच नाही. म्हणून तेथील जाणता गिर्यारोहक वसंतात पहाटेच्या अंधारात, बर्फ गोठून घट्ट असताना निघतो, ऊन चढण्यापूर्वी धोक्याचा उतार मागे टाकतो, संशयित पट्टा एकेकट्याने ओलांडतो आणि उतारापायी विश्रांतीसाठी थांबत नाही. हिमालयातील लष्करी ठाण्यांसाठी हिमस्खलनाचा अंदाज वर्तविणारी संस्था आपल्या संरक्षण संशोधन खात्याने मनालीस उभारली, ती याच शास्त्राच्या आधारावर.

सह्याद्रीत बर्फ नाही. पण उतार, दुर्बल थर, पाणी आणि निमित्त या चारही गोष्टी येथे हजर आहेत. भेद आहे तो निमित्ताच्या बाबतीत. बर्फाळ प्रदेशात सुटणाऱ्या थराचे निमित्त पुष्कळदा त्यात सापडलेला मनुष्य स्वतः किंवा त्याचा सोबतीच झालेला असतो. आपल्या घाटात मात्र प्रवाशाच्या पावलाने दरड सहसा सुटत नाही, ती वर्षानुवर्षांच्या झिजेने आणि रस्त्यासाठी केलेल्या खोदाईने सज्ज होऊन बसलेली असते, आणि प्रवासी केवळ वेळ साधून (किंवा चुकवून म्हणा) तिच्याखालून जातो. त्यामुळे तेथली प्रवासरीत येथे जशीच्या तशी उचलता येत नाही. तिचे मर्म मात्र उचलता येते, आणि त्यासाठी प्रथम आपला डोंगर कशाचा घडला आहे ते पाहिले पाहिजे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट एकामागून एक बाहेर पडले आणि थंड होऊन त्यांचे आडवे थर बसले. तोच आपला काळा कातळ. एखादा प्रवाह थिजल्यावर पुढचा येईपर्यंत कित्येकदा इतका दीर्घ काळ लोटला, की मधल्या अवधीत पहिल्याच्या पृष्ठभागावर हवापाण्याचा परिणाम होऊन त्याची तांबडी, चिकण माती झाली आणि नंतरच्या लाव्हाने तिला खाली दाबून भाजून काढले. घाटात रस्त्यासाठी जेथे डोंगर उभा कापलेला आहे, तेथे थोडे लक्ष देऊन पाहिले तर ही सारी बखर डोळ्यांपुढे उलगडते: वर झाडांच्या मुळांनी विणलेली हातदोन हात माती, तिच्याखाली गोलगोल गोट्यांनी भरलेला कुजका मुरूम, मग उभ्या फटींनी चिरलेला घट्ट काळा कातळ, आणि त्याच्या पायाशी वीतभर ते पुरुषभर जाडीचा तो विटकरी पट्टा. पावसाळ्यात पाहावे तो नेमका या पट्ट्याच्या वरच्या कडेने पाण्याचे पाझर ओळीने सुटलेले असतात. कारण उघड आहे. पाणी कातळाच्या फटींतून सहज खाली उतरते, चिकणमातीच्या पट्ट्याशी येऊन अडते आणि आडवे वाहून कापलेल्या तोंडाशी बाहेर पडते. वाटेत ते त्या तांबड्या पट्ट्याला फुगविते, मऊ करते, त्याचे कण धुऊन नेते. आणि अशा रीतीने बुडखा पोखरला गेलेला वरचा कातळ एके दिवशी आपल्याच उभ्या फटीवर सुटून गाडीएवढ्या धोंड्यांच्या रूपाने रस्त्यावर येतो.

ही झाली कातळाची दरड. तिच्याहून वेगळी, आणि मनुष्यहानीच्या दृष्टीने अधिक भयंकर, ती मातीची. कड्याच्या पायथ्याशी आणि मधल्या टप्प्यांवर युगानुयुगे पडलेल्या राड्याचे, माती-मुरूम-गोट्यांचे, जाड थर साचलेले असतात. त्यांवर झाडी वाढते, झरे मिळतात, उतार जरा सौम्य असतो, म्हणून वाड्या वसतात त्या बहुधा याच जागी. जुन्या दरडींचा हा साठा आहे, हे तेथे राहणाऱ्यास कित्येक पिढ्यांत आठवण्याचे कारण पडलेले नसते. खळ्यावर मळून ठेवलेल्या भाताच्या राशीला जसा आपला ठरावीक उतार असतो आणि वरून आणखी एक सूप ओतले की जादा दाणे आपोआप ओघळून तोच उतार पुन्हा सिद्ध होतो, तसाच प्रत्येक सुट्या पदार्थाचा एक मुक्कामाचा कोन असतो. मातीचे मात्र असे, की तिचा हा कोन कोरडेपणी एक आणि पाण्याने भरल्यावर दुसराच असतो.

येथे पाणी नेमके काय करते, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतो. भिजल्याने माती जड होते आणि त्या भाराने खाली येते, ही समजूत अगदीच खोटी नाही. भार खरोखरच अचाट असतो. एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला, तर हेक्टरभर उतारावर २,००० घनमीटर, म्हणजे २,००० टन पाणी पडते. सोळा टनी ट्रक धरले तर सव्वाशे ट्रकांचा माल. यातील बरेचसे वाहून जाते हे खरे, तरी मुरणारा भागही थोडा नव्हे. परंतु मुख्य कारण भाराहून सूक्ष्म आहे. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि त्या दाबातून उपजणारे घर्षणच उतार जागच्या जागी धरून ठेवते. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने तुडुंब भरल्या आणि त्या पाण्याला निचऱ्याची वाट उरली नाही, की ते पाणी स्वतःच भार पेलू लागते आणि कणांना एकमेकांपासून ढकलते. कणांवरचा दाब घटतो, दाबाबरोबर घर्षण घटते, आणि वरून तसूभरही ओझे वाढलेले नसताना उतार सुटतो. ऑस्ट्रियन अभियंता कार्ल तेर्झागी याने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून ज्या मृदाशास्त्राचा पाया घातला, त्याचा हा गाभा आहे, आणि घाटातल्या प्रवाशाला त्यातून एकच व्यावहारिक गोष्ट घेता आली तरी पुरे: दरड पाडते ते आकाशातून पडत असलेले पाणी नसून डोंगरात आधीच जाऊन बसलेले पाणी असते.

या विधानाला एक मर्यादा घातली पाहिजे. कातळावर बसलेला हातभर मातीचा पातळ थर तासा-दीड तासाच्या मुसळधारेनेही घसरतो, आणि अशा लहान दरडी भर पावसातच पडतात. पण जाड थरांच्या खोल दरडींना पाणी मुरण्यास दोन दिवस, तीन दिवस, कधी आठवडाही लागतो. म्हणून त्या पाऊस ऐन भरात असतानाच येतील असा नेम नाही, उघडीप पडल्यावर, सूर्यदर्शन झाल्यावरही येतात. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, ही जी आपल्या अंगवळणी पडलेली समजूत आहे, तिच्याइतकी घाटवाटेवर घातक दुसरी समजूत मला ठाऊक नाही. थांबलेल्या एस. टी. आणि ट्रकांची रांग नेमकी पहिल्या उघडिपीला हलते, आणि नेमका तोच डोंगर पाण्याने सर्वांत अधिक भरलेला असण्याचा समय असतो.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या दुर्घटना या दृष्टीने पुन्हा पाहाव्या. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. महाड तालुक्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच दिवसांत महाबळेश्वरास चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. खालापूर तालुक्यातील इरसाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री जी आपत्ती ओढवली, तिच्या आधीच्या तीन दिवसांत त्या भागात पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झालेला होता. आणि विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की दरडप्रवण गावांची जी यादी सरकारदप्तरी होती, तीत इरसाळवाडीचे नाव नव्हते. याद्या उपयोगी असतात, पण त्यांत नाव नसणे हा अभयाचा दाखला समजता येत नाही.

वैभववाडीच्या वाट्याला जी मोठी दुर्घटना आली, ती घाटरस्त्यावर न येता रुळांवर आली. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्यातून सातशेहून अधिक किलोमीटर लोहमार्ग नेण्याच्या त्या पराक्रमाचे जे कौतुक झाले ते सर्वस्वी योग्यच होते. परंतु नव्वदाहून अधिक बोगदे खणताना आणि त्यांच्या दरम्यान डोंगर खोल चिरून ‘कटिंग’ काढताना, पूर्वी जो उतार शतकानुशतके आपला तोल सांभाळून होता, तो शेकडो ठिकाणी नव्याने उघडा पडला. अशा उघड्या उताराला नव्याने स्थिरावण्यास कित्येक पावसाळे लागतात. हा तर गाड्या सुरू झाल्यापासूनचा सहावाच पावसाळा होता. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीतील विशेष गाडी वैभववाडी स्थानकाजवळ, बोगद्याच्या तोंडाशी, कटिंगमधून रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. इंजिन आणि पुढचे डबे घसरले, आणि पन्नासाहून अधिक प्रवासी प्राणांस मुकले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेसला रुळांवरील धोंड्यांनीच अपघात झाला आणि आणखी बळी गेले.

या दोन्ही तारखा जूनमधल्या आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. पावसाळ्याचा आरंभ हा घाटाच्या बाबतीत बर्फाळ मुलखातल्या वसंतासारखाच फसवा संधिकाल आहे. वैशाखात कातळ तापून त्याच्या फटी रुंदावलेल्या असतात, वणव्यांनी उतारावरचे गवत आणि झुडुपे जाळलेली असतात, गटारे आणि मोऱ्या पाचोळ्याने व खडीने तुंबलेल्या असतात. आणि अशा अवस्थेत पहिल्या मोठ्या सरी येतात. २०२५ साली तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच शेजारच्या देवगडापर्यंत येऊन ठेपला, तेव्हा पावसाळापूर्व कामांचा जो काही अवधी कागदोपत्री धरलेला असतो, तो मुळी मिळालाच नाही.

रेल्वेने या दोन अपघातांपासून धडा घेतला असे प्रामाणिकपणे म्हणता येते. कटिंगचे उतार अधिक सौम्य करण्यात आले, सुट्या कातळावर पोलादी जाळ्या ताणण्यात आल्या, रुळांवर रात्रंदिवस गस्त घालणारे कामगार नेमण्यात आले, पर्जन्यमापके बसविण्यात आली, आणि पावसाळ्याचे स्वतंत्र वेळापत्रक, अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर या मुदतीचे, अमलात राहिले. या वेळापत्रकात गाड्या मुद्दाम सावकाश चालतात आणि मुसळधार पावसात दिसेनासे झाले की ताशी चाळीस किलोमीटरांवर आणल्या जातात. मुंबईहून येणारा चाकरमानी उशिराबद्दल कुरकुरतो खरा. पण सावकाश चालणाऱ्या गाडीला धोंडा दिसल्यावर थांबता येते, हा त्या कुरकुरीवरचा चोख जबाब आहे.

घाटरस्त्याला असे वेळापत्रक नाही. तेथे वेळापत्रक ज्याचे त्यानेच करावयाचे. करूळ घाट रुंदीकरण व काँक्रीटीकरणासाठी जानेवारी २०२४ मध्ये रहदारीस बंद झाला आणि वर्षाहून अधिक काळ बंदच राहिला. त्या अवधीत सारा भार भुईबावडा आणि फोंडा घाटांवर पडला. रस्ता रुंद झाला हे उत्तमच, पण रुंद करणे म्हणजे डोंगराचा पाय आणखी आत कापणे, आणि ज्या पायावर वरचा उतार टेकलेला असतो तो कापला की वरच्याने नवा तोल शोधणे ओघानेच येते. नवा रस्ता गुळगुळीत आहे म्हणून त्यावरचा कडाही निर्धोक झाला, असे समजण्याचा मोह वाहन चालविणाऱ्यास फार होतो. वस्तुतः नव्याने कापलेल्या कड्याचे पहिले काही पावसाळे जुन्या, शेवाळलेल्या, झाडोऱ्याने झाकलेल्या कड्याहून अधिक सावधगिरीचे असतात. या घाटाच्या माथ्यावरचा बावडा हा रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याच्या जहागिरीचा मुलूख. स्वराज्याच्या कारभाराची रीत सांगणाऱ्या त्यांच्या आज्ञापत्रात आंबा-फणसासारखी झाडे रयतेच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत असा जो दंडक आहे, तो रयतेविषयीच्या कनवाळूपणाने घातला होता, दरडींच्या विचाराने नव्हे. तरी पण ज्या उतारावर झाडांची मुळे खोल गेलेली आहेत तेथला मातीचा थर अधिक काळ टिकतो, एवढे खरे, आणि त्या कलमाची अंमलबजावणी घाटांच्या माथ्यावर तरी आज कोणी केली असती तर बरे झाले असते.

आता प्रवाशाने काय करावे? निघण्यापूर्वी वैभववाडीत पाऊस किती आहे याची चौकशी व्यर्थ होय. समुद्रावरून आलेले बाष्पभारित वारे कड्याशी येऊन वर चढतात, थंडावतात आणि आपला सारा साठा माथ्यावर रिता करतात. गगनबावड्यास वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर तेथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेस, कोल्हापूर शहरात, हजाराच्या आसपास. म्हणजे खाली पेठेत रिमझिम आणि पलीकडे कोल्हापुरात ऊन असताना मधल्या कड्यावर प्रलय चाललेला असू शकतो. विचारावा तो गगनबावड्याचा आकडा, आणि तोही आजचा एकटा न विचारता मागल्या तीन दिवसांचा मिळून. हवामान खाते चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरांपासून पुढे ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस मानते. असे दोन दिवस लागोपाठ गेले असतील तर तिसऱ्या दिवशी, ऊन पडले तरी, अडले नसेल त्याने घाट चढू नये. अडलेच असेल तर दिवसाउजेडी जावे. रात्री वरून येणारा धोंडा दिसत नाही, आणि रस्त्याची खचलेली कडाही दिसत नाही.

घाटात शिरल्यावर गाडीतले गाणे बंद करावे आणि काच थोडी खाली ठेवावी, कारण दरडीची पहिली वर्दी पुष्कळदा कानांना मिळते: आधी बारीक खडी टपटपते, मग झाडे मोडल्याचा आवाज येतो, मग एक खोल घरघर. डोळ्यांनी पाहण्याची मुख्य वस्तू म्हणजे डोंगराच्या बाजूचे गटार. त्यातून पाणी भरभरून पण नितळ वाहत असेल तर डोंगराचा निचरा ठीक चालला आहे. तेच पाणी एकाएकी गढूळ, तांबडे झाले, किंवा काल कोरड्या असलेल्या जागी नवा झरा फुटला, तर आत माती सुटू लागली आहे असे समजावे. याहूनही वाईट खूण म्हणजे भर पावसात एखादा व्हाळ (ओढा) अकस्मात आटणे. वर कोठेतरी घळीत दरड पडून पाणी तुंबलेले असते, आणि तो बांध फुटला की चिखल, धोंडे आणि वृक्ष यांचा एकच लोंढा त्या घळीतून मोरीवर कोसळतो. अशी मोरी ओलांडण्याची घाई करू नये. तिरपी झुकलेली झाडे, कलंडलेले विजेचे खांब, रस्त्यावर आडवी किंवा कमानीसारखी वळलेली भेग, फुगलेली संरक्षक भिंत, या खुणा घाटाच्या रोजच्या प्रवाशाला ओळखीच्या असतात. त्यांचा अर्थ लावण्याची सवय मात्र हवी. दरीच्या बाजूची साईडपट्टी खालून पोखरली गेलेली असू शकते, म्हणून समोरून मोठा ट्रक आला तरी अगदी कठड्याशी चाके नेऊ नयेत.

थांबणे हा घाटातला सर्वांत मोठा दोष. पावसाळ्यात करूळ घाटात जागोजाग जे धबधबे उतरतात, त्यांखाली गाड्या उभ्या करून भिजणारी मंडळी दर शनिवारी-रविवारी दिसतात. पण धबधबा उतरतो तो डोंगरातील घळीतून, आणि डोंगराचा राडाही खाली येण्यास हीच घळ पसंत करतो. ज्याला पाण्याचा आनंद घ्यावयाचा असेल त्याने तो पायथ्याच्या सपाटीवरून घ्यावा. पुढे दरड पडून रस्ता अडला असेल, तर उतरून दगड बाजूला सारण्याच्या पुरुषार्थात पडू नये. पहिल्या दरडीने वरच्या उताराचा आधार काढून घेतलेला असतो आणि दुसरी थोड्याच वेळात येते. गाडी हळूहळू मागे घेऊन कापलेल्या कड्यापासून दूर, डोंगराच्या सोंडेवर, जेथे वर घळ नाही अशा रुंद जागी आणावी आणि पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी. दोन गाड्यांत अंतर ठेवणे हाही हिमप्रदेशातील एकेकट्याने ओलांडण्याचाच नियम. रांगेत एकमेकांस चिकटून उभ्या असलेल्या वाहनांवर दरड आली तर सुटकेसाठी मागे सरायला जागाच उरत नाही. पायी चढणाऱ्या दुर्गप्रेमींनी, विशेषतः गगनगडाच्या परिसरात पावसाळी भटकंती करणाऱ्यांनी, धारेने जावे, नाळेने जाऊ नये.

शासनाच्या बाजूने तजवीज वाढली आहे यात शंका नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशभरातील दरडप्रवण मुलखाचे नकाशे केले आहेत आणि २०२४ साली कोलकात्यास भूस्खलनाच्या पूर्वानुमानाचे राष्ट्रीय केंद्रही सुरू केले. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर येतात. परंतु या घाटांच्या बाबतीत एक अडचण नकाशाने सुटणारी नाही. कड्याच्या माथ्यावरून दोन जिल्ह्यांची सरहद्द जाते. गगनबावडा कोल्हापूर जिल्ह्यात. घाटाची उतरण सिंधुदुर्गात. पाऊस पडतो तो एका जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत मोजला जातो, दरड पडते ती दुसऱ्याच्या हद्दीत. इशाऱ्याचा रंगही जिल्ह्यागणिक ठरतो, आणि संपूर्ण जिल्ह्यासाठी ठरविलेल्या रंगात कड्याच्या अरुंद पट्ट्याचे खरे चित्र उमटत नाही. गगनबावड्याचा तासातासाचा पाऊस वैभववाडीच्या तहसील कचेरीत आणि घाटाच्या पायथ्याशी फलकावर आपोआप लागेल, अशी व्यवस्था करण्यास फार मोठा खर्च येईल असे वाटत नाही.

तूर्त ही माहिती ज्याची त्याने मिळवावी लागते, आणि तिची सर्वाधिक गरज पडते ती आषाढाहूनही भाद्रपदात. गणपतीसाठी पुणे-कोल्हापूरकडून उतरणाऱ्या गाड्यांची रीघ याच घाटांतून लागते; तोवर श्रावणाच्या ऊनपावसाने लोकांच्या मनातला पावसाळा संपत आलेला असतो, पण डोंगर तीन महिन्यांच्या पाण्याने भरलेला असतो, आणि उत्तरा नक्षत्राच्या जोरदार सरी अजून यावयाच्या असतात. त्या आठवड्यात भुईबावड्याने उतरावे की करुळाने, हे ठरविताना अंतर आणि खड्डे यांच्या जोडीला मागील तीन दिवसांचा माथ्यावरचा पाऊस विचारात घ्यावा. आणि दोन्ही घाटांचा भरवसा नसेल तर थोडा वळसा पत्करून फोंडा घाटाची, किंवा उत्तरेस राजापूरकडे उतरणाऱ्या अणुस्कुरा घाटाची, खातरजमा करून निघावे. मूर्तीची प्रतिष्ठापना सकाळी असते. घाटात मध्यरात्री गाडी घालण्यापेक्षा कळे किंवा गगनबावड्यास मुक्काम करून उजाडता खाली उतरणारा मनुष्यही वेळेवर पोहोचतो.